रेघ कुठून न्यावी

हातात फोन धरून बांधावरून हळूहळू चालणारा माणूस दिसला की आमच्या अंबड तालुक्यात पहिला प्रश्न ठरलेला : "काय भाऊ, मोजणी आली का?" नाही म्हटलं की दुसरा : "मग पीक पाहणी?" २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाली आणि शेतकरीच आपल्या रानात उभा राहून पिकाचा फोटो काढायला लागला. तेव्हापासून शेतात फोन घेऊन उभं राहणं वेडेपणाचं राहिलं नाही, एवढी माझी सोय झाली. पण "नकाशा काढतोय" हे उत्तर अजून कोणाला पटत नाही. नकाशा तर तलाठ्याकडे असतो. असलेली वस्तू पुन्हा कशाला करायची?

प्रश्न रास्त आहे. गावनकाशात गटांचे नंबर असतात, शीव असते, नाले असतात, तुटक रेघांनी दाखवलेली गाडीवाटही असते. सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या क्रमवारीत अंबड ४७ एम/१४ या पत्रकात येतं. तिथं एक सेंटिमीटर म्हणजे पाचशे मीटर, म्हणजे अख्खी वस्ती नखाखाली झाकावी. फोनमधल्या तयार नकाशात जालन्याहून अंबडवरून वडीगोद्रीला जाणारा रस्ता ठळक आणि आजूबाजूचं बरंचसं रान कोरं. भर भाद्रपदात वस्तीवरून कालव्यापर्यंत पाय न रुतता कसं जायचं, हे यांतला एकही सांगत नाही. मला नेमकं तेवढंच हवं होतं.

काम तसं सोपं आहे. फोनमध्ये माग नोंदवायचं ॲप चालू करायचं, खिशात टाकायचं आणि चालायला लागायचं. दर काही सेकंदांनी एक नोंद पडते : अक्षांश, रेखांश, उंची, वेळ. ही जीपीएक्स फाइल नुसती वाचायलाही गंमत येते. डावीकडचे १९ आणि ७५ हे आकडे तालुकाभर हलत नाहीत. सगळी धावपळ शेवटच्या आकड्यांची. अक्षांशात दशांशचिन्हानंतरचा पाचवा आकडा एकानं बदलला की माणूस साधारण मीटरभर सरकला असं समजायचं. वेळही लिहिलेली असल्यामुळे कुठं रेंगाळलो ते लपत नाही. डांबरीवर ठिपके विरळ, चिखलात दाट. आणि जिथं कोणी "या की, चहा घ्या" म्हटलं असेल तिथं पुंजका.

माणूस थांबला तरी ठिपका मात्र थांबत नाही. उपग्रह वीस हजार किलोमीटरवर. त्यांतले निदान चार फोनला 'दिसावे' लागतात, तीन जागेच्या हिशेबाला आणि चौथा फोनच्या घड्याळातली चूक काढायला. मोकळ्या रानात साधा फोन चार-पाच मीटरच्या आत खरं बोलतो. लिंबाच्या दाट सावलीत किंवा गावातल्या उंच भिंतींच्या बोळात संदेश अडतो, आपटून उशिरा पोचतो आणि जागा चुकते. पारावर पाच मिनिटं बसलात तर पडद्यावर कोंबडीनं उकिरडा उकरल्यागत रेघोट्या दिसतात. तरी हे दिवस बरेच म्हणायचे. अमेरिकेनं या जीपीएस यंत्रणेत मुद्दाम घालून ठेवलेली चूक २००० सालच्या मे महिन्यात काढून टाकली. त्याआधी चालला असता तर हीच रेघ शंभर मीटरपर्यंत भरकटली असती.

उंचीच्या बाबतीत तर यंत्र आणखी कच्चं. मत्स्योदरी देवीच्या टेकडीवर चढलो-उतरलो आणि घरी येऊन उंचीचा आलेख पाहिला. पायऱ्या सरळ वर जातात हे मला माहीत, आलेखाला नाही. टेकडी माशाच्या आकाराची म्हणून देवी मत्स्योदरी. हा मासा ज्यांनी प्रथम पाहिला त्यांनी जमिनीवर उभं राहून पाहिला, उपग्रहाची वाट पाहिली नाही. नवरात्रात तिथं माग नोंदवायला मात्र जाऊ नये. गर्दीत आपण चालत नसतो, नेले जातो.

एका फेरीत नकाशा होत नाही तो यामुळे. तीच वाट पुन्हा पुन्हा चालायची, सगळे माग संगणकावर क्यूजीआयएसमध्ये एकावर एक टाकायचे आणि जुडग्याच्या मधून एक रेघ काढायची. २००४ मध्ये इंग्लंडात स्टीव्ह कोस्टनं ओपनस्ट्रीटमॅप सुरू केला तो याच पद्धतीवर : लोकांनी आपले माग द्यायचे आणि सगळ्यांनी मिळून, कोणालाही फुकट वापरता येईल असा नकाशा काढायचा.

मधून एक रेघ. वाचायला हे सोपं वाटतं. माझ्याकडे कालव्याकडच्या वाटेची जुडगी दोन निघाली. उन्हाळ्यात चाललेले माग सरळ नांगरटीच्या कडेनं, गाडीच्या चाकोरीतून गेलेले. पावसाळ्यातले त्यांच्यापासून फटकून, बांधाच्या माथ्यावरून. काळ्या रानाला पाणी लागलं की चाकोरीत पाय पोटरीपर्यंत जातो, चप्पल आतच राहते, आणि प्रत्येक पावलाला मातीचा गोळा चिकटून माणूस उंच होत जातो. मग लोक बांध धरतात. दोन जुडग्यांची सरासरी काढली असती तर रेघ उभ्या कपाशीतून गेली असती, जिथून कोणीच जात नाही. म्हणून मी दोन्ही वाटा वेगळ्या रंगांत काढल्या. पावसाळ्यातली एक, सुगीनंतरची एक.

कालव्यानंही घोळ घातलेला आहे. जायकवाडीचं उद्घाटन १९७६ साली झालं आणि डाव्या कालव्याचं पाणी आमच्या तालुक्यात आलं. ऊस आला, मोसंबीला आधार झाला. पण कालवा कुठंही ओलांडता येत नाही. पूर्वी नाकासमोर गेलेली गाडीवाट आता कालव्याला येऊन काटकोनात वळते, पुलापर्यंत जाते आणि पलीकडून तेवढीच परत येते. कागदावरच्या जुन्या वाटेला हा वळसा माहीत नाही. पायांना आहे.

जुन्या पत्रकावर माझा माग तसाच ठेवून पाहिला तेव्हा तर तो सरळ शेजारच्या शिवारात गेला. चूक फोनचीही नव्हती, पत्रकाचीही नव्हती. ती पत्रकं जॉर्ज एव्हरेस्टच्या १८३० च्या पृथ्वीगोलावर बेतलेली, आणि जीपीएस दुसराच गोल धरून चालतो. दोन्हींत आपल्याकडे शंभर-दीडशे मीटरचा फरक पडतो. एव्हरेस्टच्या आधी हे काम विल्यम लॅम्ब्टननं चालवलं होतं. मद्रासेकडून १८०२ मध्ये सुरू केलेली त्रिकोणांची मोजणी उत्तरेकडे नेता नेता तो १८२३ मध्ये वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारला. त्या माणसांच्या काटेकोरपणाबद्दल आदर आहेच. पण जिथं हातभर बांध कोरला म्हणून भावाभावांचं बोलणं बंद होतं, तिथं दीडशे मीटर सरकलेला कागद उघडताना आजूबाजूला कोणी नाही ना, एवढं पाहून घ्यावं.

खरी अडचण मात्र मीटरची नव्हती. पावसाळ्यातली बांधावरची वाट ज्यांच्या शेतातून जाते, त्या काकांना मी मोठ्या हौसेनं पडदा दाखवला. त्यांनी रेघेवर बोट फिरवलं, आपली विहीर ओळखली, आणि म्हणाले, "माणूस जातो तर जाऊ द्या, आपण कोणाला आडवलंय? पण हे नकाशात टाकू नका. आज तुम्ही रेघ काढली, उद्या कोणी ट्रॅक्टर घालील, अन् परवा तहसीलला जाऊन म्हणंल, पहिल्यापासून वहिवाट आहे."

यात संशयीपणा काही नाही. महसूल अधिनियमाच्या कलम १४३ खाली बांधावरून रस्ता मागणारे अर्ज आणि मामलेदार कोर्ट कायद्याखालचे अडवणुकीचे दावे तहसीलमध्ये नेहमीचेच. समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून गेला तेव्हा कागदावरची रेघ जमिनीवर कशी उतरते, हेही सगळ्यांनी पाहिलं. जीपीएसला पाऊल कळतं. ते हक्कानं पडलं की शेजारधर्मावर, हे कळत नाही. त्याच्या लेखी दोन्ही सारखेच ठिपके. २०२१ च्या १५ फेब्रुवारीला केंद्रानं नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि आपल्याच देशात नकाशे करायला पूर्वी लागणाऱ्या बहुतेक परवानग्या गेल्या. सरकारची परवानगी नको झाली. काकांची लागतेच.

या बाबतीत मला महानुभावांची स्थानपोथी फार पुढारलेली वाटते. चक्रधरस्वामी गोदाकाठानं, वऱ्हाडात, गावोगाव फिरले. त्यांच्यामागे म्हाइंभटानं लीळा जमवल्या आणि पुढं स्थानपोथीत जागा नोंदल्या गेल्या. गाव कोणतं, देऊळ गावाच्या कोणत्या अंगाला, दार कोणत्या दिशेला, स्वामी कुठं बसले, कुठं निजले. अशा जागांवर ओटे बांधले गेले, अजून लोक त्यांवर माथा टेकतात. अक्षांश-रेखांशाची सोय नव्हती, पण कोण आलं होतं आणि तिथं काय घडलं, याची नोंद जागेला चिकटून आहे. माझ्या फाइलीत सेकंदाचा हिशेब आहे, आणि ज्यांच्या मळ्यात पाणी प्यायलो त्यांचा पत्ता नाही. आता मी मागाबरोबर वहीही ठेवतो. वाट कोणाच्या शब्दावर चालू आहे, हे तिच्यात लिहितो. काकांच्या शेतापुरती पावसाळी रेघ फक्त माझ्या प्रतीत आहे. बाहेर देतो त्या प्रतीत ती बांधापाशी तुटते आणि पलीकडे पुन्हा सुरू होते. नकाशा अपुरा दिसतो. दिसू दे.

उलट मागणीही येते. आंबे बहाराची मोसंबी तोडायला आली की व्यापाऱ्याची पिकअप दरवेळी भलत्याच वस्तीवर जाते, म्हणून एका बागाइतदारानं स्वतःहून बोलावलं. डांबरीपासून बागेपर्यंत माझ्याबरोबर चालला, कुठं वळायचं, कुठं पाणी साचतं, सगळं सांगितलं, आणि शेवटी म्हणाला, "नाव तेवढं आमच्या मळ्याचं टाका." दुसऱ्या दिवशी त्याच्या धाकट्या भावाचा फोन : "सर, त्या जागी नाव माझं टाका, वाटणीचा दावा चालू आहे." मी नुसतं 'मोसंबीची बाग' लिहिलं. निकाल लागला की बघू, असं दोघांनाही सांगून ठेवलंय. पिकअप सध्या वेळेवर पोचते.