पन्नास सह्यांचे सदस्यत्व

सदस्यत्वाचा एक छापील अर्ज गेले तीन आठवडे माझ्या टेबलावर पडून आहे. अर्थशास्त्राच्या अभ्यासकांची ती एक व्यावसायिक संघटना. खानदेशच्या कापसाच्या आर्थिक इतिहासावर लिहायचे तर अर्थशास्त्रज्ञांमध्ये ऊठबस हवी, असे मार्गदर्शकांचे म्हणणे. अर्जाच्या मागील पानावर सदस्यत्वाचे लाभ दिले आहेत : नियतकालिक घरपोच, अधिवेशनाच्या नोंदणीशुल्कात सवलत, प्रमाणपत्र. आईने तो कागद हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि विचारले, "भाऊ, मंग कापूसना भाव वाढी का?"

मी हसलो, पण प्रश्नाने पाठ सोडली नाही. म्हणून आजचा हा धागा. अशी मंडळे कशासाठी जन्मली आणि त्यांच्या सदस्याला नेमके काय मिळत असे?

प्रारंभ बहुधा लंडनपासून करतात. १८२१ साली तेथे 'पोलिटिकल इकॉनॉमी क्लब' स्थापन झाला. जेम्स मिल, रिकार्डो, माल्थस, टूक ही आरंभीची मंडळी. सदस्यसंख्या तीसवर मर्यादित. एकत्र भोजन आणि मग एखाद्या प्रश्नावर वाद. रिकार्डो आणि माल्थस यांचे मतभेद अखेरपर्यंत मिटले नाहीत, पण ते एकाच मेजावर मांडता येत. सदस्यत्वाचा लाभ तो एवढाच, आणि तो लहान नव्हे.

आपल्याकडे 'इंडियन इकॉनॉमिक असोसिएशन' निघाली ती १९१७ मध्ये. परंतु तिच्या सत्तेचाळीस वर्षे आधी पुण्यात जे घडले, ते मला अधिक महत्त्वाचे वाटते. २ एप्रिल १८७० रोजी पुणे सार्वजनिक सभा स्थापन झाली. पर्वती संस्थानाच्या कारभाराविषयीच्या तक्रारींतून ती उभी राहिली, आणि गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले 'सार्वजनिक काका', तिचे प्राण होते. नावाने ती अर्थशास्त्रज्ञांची संस्था नव्हती. कामाने मात्र पुष्कळशी होती.

तिच्या सदस्यत्वाची अट पाहा. ज्याला सभासद व्हायचे त्याने किमान पन्नास माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे. पहिल्या यादीत पंचाण्णव सभासद होते आणि त्यांच्या पाठीशी सुमारे सहा हजार लोक होते. मी हे प्रथम वाचले तेव्हा पुस्तक मिटून काही वेळ तसाच बसलो. माझ्या अर्जावर दोन विद्यमान सदस्यांची शिफारस मागितली आहे. वरच्यांनी आत घ्यावे, ही आजची रीत. खालच्यांनी पाठवावे, ही तेव्हाची.

अशा सभासदांकडून कामही तसेच घेतले गेले. सभेने शेतकऱ्यांच्या आर्थिक स्थितीची चौकशी केली. १८७६-७७ च्या दुष्काळात जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती गोळा करून ती सरकारपुढे ठेवली. दुष्काळी कामांवरील मजुराला दिवसाला एक पौंड धान्य पुरे, या सर रिचर्ड टेंपलच्या हिशेबाला तिने विरोध केला. १८७८ पासून तिचे त्रैमासिक निघू लागले. त्या काळी अर्थशास्त्राची वेगळी पदवी घेऊन कोणी येत नसे. शाळेत शिकवणारे गणेश व्यंकटेश जोशी या त्रैमासिकात लिहिता लिहिताच अर्थतज्ज्ञ झाले. पुढे १८९७ मध्ये वेल्बी आयोगापुढे साक्ष द्यायला गोखले विलायतेला निघाले, तेव्हा त्यांची तयारी करून घेणाऱ्यांत रानड्यांबरोबर हेच जोशी होते.

आणि रानडे? ते सरकारी नोकर, न्यायखात्यातले. सभेचे पद त्यांना घेता येत नव्हते. त्रैमासिकात मात्र त्यांचे निनावी लेखन भरभरून येई. येथे आपले खानदेश कथेत येते. वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाची धामधूम चालू असताना मे १८७९ मध्ये पुण्यातील बुधवारवाड्याला आग लागली. सरकारची संशयी नजर रानड्यांवर होतीच. नाशिकला त्यांची बदली आधीच झाली होती. आता थेट धुळ्यास धाडण्यात आले. धुळ्याला तेव्हा रेल्वे नव्हती. चाळीसगावला उतरून पुढची वाट बैलगाडीची वा टांग्याची. धुळ्यात त्यांची टपाले फोडून पाहिली जात. रमाबाईंच्या आठवणींत हा काळ वाचताना आपण ज्या गावात दर आठवड्याला एसटीने उतरतो ते हेच, याचे भान ठेवावे लागते.

सदस्यत्वाचे लाभ मोजायचे तर तेही मोजले पाहिजेत : बदली आणि फोडलेली पत्रे.

एवढे लिहून मी समाधानाने थांबलो असतो, पण माझे घर कुणब्याचे आहे आणि पारोळ्याजवळ आमची कोरडवाहू कपाशी आहे. ते पंचाण्णव सभासद कोण होते? सरदार, इनामदार, सावकार, वकील, पेन्शनर. त्रैमासिक इंग्रजीत निघे. त्या सहा हजारांतील किती जणांना ते वाचता आले असते? जोतीराव फुल्यांनी नेमके येथेच बोट ठेवले. १८८५ मध्ये 'इशारा' लिहून त्यांनी रानड्यांच्या शेतकरीविषयक प्रतिपादनाला उत्तर दिले. माझ्या मते त्या वादात फुले जमिनीच्या अधिक जवळ होते. तरी पन्नास सह्यांची कल्पना मला टाकवत नाही. ती अपुरी राबवली गेली, खोटी नव्हती.

मागच्या रविवारी गावी गेलो तेव्हा थोडा वेडेपणा केला. वहीचे एक पान फाडून वर लिहिले, 'कापसाच्या भावाविषयी याने आमच्या वतीने प्रश्न विचारावेत.' आणि सह्या मागत फिरलो. काकांनी विचारले, कर्जाचा कागद तर नाही ना? शेजारच्या आजोबांनी सही नाकारली : "तू जळगावला शिकतोस, इथला भाव तुला काय ठाऊक?" मग त्यांनीच तासभर बसवून खेडा खरेदीत वजनात कशी घट धरतात, ओलाव्याच्या नावाखाली भाव कसा पाडतात आणि पैशाची निकड असलेला माणूस बाजार समितीपर्यंत का पोचत नाही, ते समजावून सांगितले. विद्यापीठात दोन वर्षांत मी हे ऐकले नव्हते.

संध्याकाळपर्यंत अकरा सह्या झाल्या. अकरावी आईची. तिने सही केली आणि भावाचा प्रश्न पुन्हा विचारला.

तो मी अर्जातील 'संशोधनाचा विषय' या रकान्यात उतरवला आहे. अर्ज अजून धाडलेला नाही. शुल्क कापूस विकल्यावर भरीन. दिवाळीच्या सुट्टीत पान घेऊन पुन्हा त्या आजोबांकडे जायचे आहे.