वळण्याआधीचा वेग

मुलीने सर्फिंग शिकायला घेतलं तेव्हा मी तिला फोनवर जे बोललो, ते आज लिहायलाही नको वाटतं. ती सुरतकलच्या एनआयटीत शिकते. तिथून मुल्की जवळ. भारतातला पहिला सर्फ क्लब २००४ मध्ये तिथेच सुरू झाला. मी म्हणालो, हे परदेशी पर्यटकांचे आणि रिकामटेकड्यांचे उद्योग आहेत, आपण रांजणगावची माणसं, आपला समुद्राशी काय संबंध? पुढे तिने स्पर्धेचं विचारलं, तेव्हा पैसे देणार नाही म्हणून विषयच संपवला. मुलाला मी इतकं बोललो असतो का? नसतो.

मुळात मी घाबरलो होतो. आम्ही पोहायला शिकलो ते विहिरीत, पाठीला डबा बांधून. विहिरीचं पाणी जागचं हलत नाही. शिवाय एमआयडीसीतल्या कामासाठी पुणे-नगर रस्त्यावर वर्षानुवर्षं गाडी चालवून एक नियम अंगात भिनला होता: वळायचं असेल तर आधी वेग कमी करायचा. मुलांनाही मी हेच शिकवलं.

दिवाळीनंतर तिला भेटायला गेलो आणि तिच्या हट्टापायी फळीवर चढलो. सरळ किनाऱ्याकडे येणं लवकर जमलं. वळणं मात्र जमेना. लाट मागून उचलायची, फळीचं टोक खाली झुकायचं, की माझा सगळा भार आपोआप मागच्या पायावर जायचा. टोक वर, फळी जागच्या जागी, आणि लाट मला सोडून पुढे. शिकवणारा पोरगा मासेमारांच्या घरातला, माझ्या मुलीपेक्षाही लहान. तो काय सांगतोय ते मी नीट ऐकतही नव्हतो. त्याच्या वयाकडे आणि घराकडे बघून मी त्याला आधीच कमी लेखलं होतं.

शेवटी त्याने मला वाळूत बसवलं आणि म्हणाला, फक्त हिचे पाय बघा.

ती लाटेवर उभी राहिली आणि थेट खाली गेली. मी जिथे किंचाळलो असतो, तिथे तिने पुढच्या पायावर भार टाकला. लाटेच्या तळाशी, जिथे वेग सगळ्यात जास्त, तिथे गुडघे वाकवले, खांदे लाटेकडे फिरवले, नजर वर नेली. फळीची आतली कड पाण्यात रुतली आणि ती झपकन वळून पुन्हा लाटेवर चढली. पोरगा म्हणाला, वेग होता म्हणून वळली. तुम्ही तो आधीच संपवता. कड आणि फळीखालचे पंखासारखे फिन पाण्याला पकडतात ते पाणी जोरात वाहत असेल तरच. १९३५ मध्ये टॉम ब्लेक या सर्फरने फळीला पहिला फिन लावला. त्याआधीच्या जड लाकडी फळ्या वळताना मागून घसरायच्या. १९८१ मध्ये सायमन अँडरसन या सर्फरने तीन फिनांच्या फळीवर स्पर्धा जिंकून दाखवली आणि आजची तीव्र वळणं तिथून रुळली. यंत्रांवर आयुष्य काढलेल्या माणसाला हे समजायला वेळ लागला नाही. लागला तो दुसरं कळायला. ज्याला मी तिचा बेदरकारपणा म्हणत होतो, ते तिचं भान होतं. कधी, किती आणि कुठे झुकायचं हे तिला नेमकं ठाऊक होतं. भान सुटलेलं होतं ते माझं, आणि त्याला मी बापाची काळजी म्हणत आलो.

नंतर मीही वळलो. लांब, मऊ फळीवर ते वळण रुंद आणि आळशीच होतं, पण पुढच्या पायावर भार ठेवून फळी खाली जाऊ दिली तेव्हाच आलं. मुलगी कमरेएवढ्या पाण्यातून ओरडत होती, "पप्पा, पायाकडे नका बघू, लाटेकडे बघा!"

नगर रस्त्यावर मी अजूनही वळणाआधी वेग कमी करतो आणि करत राहीन. पण तिला मी नाकारलेली ती स्पर्धा होऊन गेली होती. फळीवर वळलो त्याच रात्री जेवताना मी स्वतःहून विषय काढला, माझं चुकलं म्हणालो. ती म्हणाली, "पुढच्या वर्षी आहे परत." मी खर्च विचारला. तिने सांगितला, आणि मग पहिल्यांदाच, मी नाही म्हणालो तेव्हा तिला किती वाईट वाटलं होतं तेही सांगितलं.