मोटार न्यावी कीं ठेवावी?

घरांतील एखादा साधा प्रश्न सोडवावयास बसलें म्हणजे त्याच्या पोटांतून दुसराच प्रश्न निघतो, असा अनुभव पुष्कळांस आला असेल. २०२२ सालच्या उन्हाळ्याच्या सुट्टींत आमच्या घरीं असेंच झालें. हकीकत लहान आहे. परंतु ज्या विद्यार्थ्यांचे वडील सैन्यांत, नौदलांत किंवा बदलीच्या नोकरींत आहेत त्यांस, व त्यांच्या पालकांसही, ती उपयोगी पडेल असें वाटल्यावरून येथें सांगत आहें.

आम्ही सारसोळ्याचे रहिवासी. नेरूळच्या उंच इमारतींच्या गर्दींत हें गांव आतां शोधावें लागतें. तरी पामबीच रस्त्यापलीकडे खाडीच्या कांठीं जेट्टी आहे, आणि कोळी बांधवांच्या होड्या अद्यापि तेथें दिसतात. माझा धाकटा भाऊ भारतीय नौदलांत अधिकारी आहे. त्या वर्षीं त्याची बदली मुंबईहून पोर्ट ब्लेअरला झाली. (या शहराचें नांव २०२४ सालीं श्रीविजयपुरम् असें ठेवण्यांत आलें.) भूदल, नौदल व वायुदल या तिन्हींची मिळून एक अशी अंदमान-निकोबार कमान तेथें २००१ सालीं स्थापन झाली आहे. मुक्काम दोन-तीन वर्षांचा. पलंग, कपाटें, पुस्तकें यांचा निकाल झटपट लागला. सर्व अडलें तें मोटारीपाशीं.

ही मोटार आमच्या वडिलांची. निवृत्तीनंतर भविष्यनिर्वाह निधीच्या पैशांतून त्यांनीं ती घेतली होती, आणि दर शनिवारीं ते ती आपल्या हातांनीं धूत असत. ते वारल्यावर ती धाकट्याकडे आली. कारण मला तेव्हां मोटार चालवितां येत नव्हती.

“दादा, तूं गणिताचा मास्तर. तूंच हिशेब मांड,” असें तो म्हणाला, आणि मी कागदावर रेघ ओढून दोन रकाने पाडले.

मोटार न्यावयाची तर प्रथम येथून चेन्नईपर्यंत सुमारें १,३०० किलोमीटर खुष्कीची वाट, आणि तेथून पुढें सुमारें १,४०० किलोमीटर समुद्र. बदलीच्या भत्त्यांत अधिकाऱ्यास एका मोटारीच्या वाहतुकीचा खर्च ठरलेल्या दरानें मिळतो; तेव्हां भाड्याचा भार फारसा नव्हता. अमेरिकेच्या सैन्यांतही परमुलखीं बदली झालेल्या सैनिकाची एक मोटार सरकारी खर्चानें पोंचविण्याची सोय आहे; परंतु कांहीं देशांत ती नेण्यास मनाई आहे.

भाड्याहून इतर गोष्टी अधिक नाजूक निघाल्या. मोटारीच्या नेहमींच्या विम्याचें कलम मी प्रथमच नीट वाचलें. रस्ता, आगगाडी, देशांतर्गत जलमार्ग, इतकेंच काय, पाळणा व विमान यांतून नेतांना झालेलें नुकसान त्यांत धरलेलें आहे. परंतु समुद्राचें नांव नाहीं! त्याकरितां निराळा सागरी विमा उतरावा लागतो. दुसरी गोष्ट कायद्याची. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें एका राज्यांत नोंदलेली गाडी दुसऱ्या राज्यांत बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवावयाची असल्यास तेथें नवी नोंदणी करावी लागते, आणि त्यासाठीं मूळ कचेरीचा ना-हरकत दाखला लागतो. एमएच ४३ ची पाटी जाऊन एएन ०१ ची लागावयाची, व परत येतांना पुन्हां तेंच सर्व. अशा बदल्या होणाऱ्यांसाठीं २०२१ पासून ‘भारत’ मालिकेचे क्रमांक निघाले आहेत खरे, परंतु आमची गाडी त्यापूर्वींची.

तिसरी गोष्ट हवेची. जेट्टीवर ओळखीचे एक वृद्ध कोळी काका जाळें विणीत बसले होते. त्यांस मी सहज विचारलें. ते हंसून म्हणाले, “मास्तर, खाऱ्या वाऱ्याला लोखंड गोड लागतं. इथं खाडीवर एवढं खातं, तर तिथं चहूंकडे समुद्र!” शिवाय बेटाबेटांवर जावयाचें तें बहुधा बोटीनें, आणि उत्तरेकडे जाणारा अंदमान महामार्ग जारवा लोकांच्या राखीव अरण्यांतून जात असल्यामुळें तेथें वाहनांस ठराविक वेळीं तांड्यानेंच सोडतात. दुसऱ्या रकान्यांत मी एकच ओळ लिहिली: “पावसांत सोय.” कारण त्या बेटांवर नैर्ऋत्य व ईशान्य असे दोन्ही मोसमी वारे पाऊस आणतात.

कागद पाहून धाकटा गप्प झाला. “म्हणजे नेऊं नये,” एवढेंच म्हणाला व उठून गेला.

त्या रात्रीं मला झोंप येईना. कागदावरील एकही आंकडा खोटा नव्हता. तरी हिशेब खरा नव्हता. आमच्या आईस अर्धांगाचा झटका येऊन गेला होता, आणि आठवड्यांतून दोन वेळां तिला उपचारासाठीं वाशीला न्यावें लागे. रिक्षांत चढतांना तिचे हाल होत. गाडी येथें रहावी ही माझी इच्छा प्रथमपासूनच होती. ती मी कोठेंही लिहिली नाहीं. मात्र तिच्याच सोयीनें तोट्याच्या ओळी भरभरून लिहिल्या आणि फायद्याची एक लिहून थांबलों. वर्गांत मी मुलांना सांगतों कीं, उत्तर आधीं पाहून गणित करूं नये. मीं स्वतः तेंच केलें होतें.

सकाळीं चहाच्या वेळीं, आईच्या समोरच, मीं तें त्यास सांगितलें. तो थोडा वेळ बोलला नाहीं. मग म्हणाला, “दादा, मीही खरें सांगितलें नाहीं. तेथें गाडी लागेलच असें नाहीं. पण ती येथें ठेवून जाणें म्हणजे बाबांना मागें ठेवून जाणें, असें वाटतें.”

आई हळू हळू म्हणाली, “तुमच्या बाबांनीं गाडी घेतली ती माणसांना पोंचवायला. जेथें रोज लागेल तेथें ती असूं द्या. तिकडे पोरीला लागत असेल तर खुशाल न्या. मी जाईन रिक्षानें.”

तेव्हां कोठें योग्य प्रश्न हातीं आला. धाकट्यानें तिकडून नुकत्याच परतलेल्या एका सहकाऱ्यास विचारलें. घर व कचेरी यांत अंतर थोडें, मुलीला शाळेची बस, बाजारहाटास स्कूटर पुरते, असें कळलें. गाडी येथेंच ठेवावयाचें ठरलें, आणि या वेळीं तो मनापासून म्हणाला, “ठीक आहे.”

निर्णयास किंमत पडली नाहीं असें नाहीं. पहिल्याच पावसाळ्यांत वहिनींनीं फोनवर सांगितलें कीं, मुलीला ताप असतांना स्कूटरवरून दवाखान्यांत न्यावें लागलें व तिघेंही चिंब भिजलीं. तें ऐकून मला फार वाईट वाटलें. इकडे मी चव्वेचाळिसाव्या वर्षीं, माझ्याच जुन्या विद्यार्थ्यांच्या वयाच्या मुलांबरोबर बसून, मोटार चालविण्यास शिकलों, व आईला वाशीला नेऊं लागलों. गाडीच्या प्रत्येक फेरीची नोंद मीं एका वहींत ठेविली. २०२५ सालीं धाकटा परत आला, तेव्हां किल्लीबरोबर ती वही त्याच्या हातीं दिली. त्यानें ती उभ्यानेंच वाचली. बहुतेक पानांवर एकच ओळ होती: “आई, वाशी, जाऊन-येऊन.”

विद्यार्थिमित्रहो, दोन रकाने पाडून विचार करणें ही चांगली संवय आहे. ती सोडूं नका. परंतु दुसऱ्यास सल्ला द्यावयाचा असेल तेव्हां कागदाच्या डोक्यावर आपली स्वतःची इच्छा आधीं लिहा, आणि तो कागद त्यास दाखवा. मग आंकडे कांहींही सांगोत, भावाभावांत अंतर पडणार नाहीं.