जुनं पासबुक फेकू नका

आज पिकाचं नाही, पैशाचं लिहितोय.

दहा वर्षं कुणी हात न लावलेल्या बँक खात्यातली रक्कम रिझर्व्ह बँकेच्या एका निधीत जाते. २०१४ सालापासून हे चालू आहे. लोकांना वाटतं, पैसा सरकारजमा झाला. तसं नाही. हक्क आपलाच राहतो. खातेदारानं नाहीतर वारसानं मूळ बँकेतच अर्ज करायचा. बँक पैसे देते आणि मागाहून त्या निधीतून वळते करून घेते.

आमच्या थोरल्या चुलत्यांचं दुधाच्या पगाराचं खातं असंच पडून होतं. काकू म्हणायची, "माणूस गेलं, पैसंबी गेलं." मृत्यूचा दाखला, वारसाची कागदं, आधार घेऊन चार खेपा झाल्या. पण पैसे व्याजासकट तिच्या नावावर आले. त्यात तिनं शेळ्या घेतल्या.

२०२३ पासून रिझर्व्ह बँकेचं 'उद्गम' पोर्टल आहे. नाव, जन्मतारीख टाकून फुकट शोधता येतं. सगळ्या बँका त्यात नाहीत, म्हणून शाखेतही विचारा. एजंटाला टक्का देऊ नका.

आणि आपल्या खात्याला नॉमिनी आजच लावा. मागच्यांचे हेलपाटे वाचतील.