पंचहौद ते केडगाव

इतकी वर्षे पुण्यात काढली, पण पंचहौद म्हटले की मला आठवे तो फक्त चहा! १८९० साली तेथील मिशनऱ्यांकडच्या चहावरून लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानडे यांच्यावर ग्रामण्य आले, ही कथा कोणा पुणेकराला ठाऊक नाही? आत पाऊल टाकण्याचा योग मात्र कधी आला नव्हता.

गेल्या वर्षी आई गेली. तिच्यामागे देवघरातला दिवा मीच लावतो. हात वात पेटवतात, ओठ स्तोत्र म्हणतात आणि मन कोरडेच राहते. अशाच एका रविवारी गुरुवार पेठेतून जाताना घंटा ऐकू आल्या आणि पाय आपोआप आत वळले.

ते पवित्र नाम देवालय १८८५ सालचे. आत मराठीतून उपासना चालली होती. पाळकांनी एक वाक्य म्हणावे, मंडळींनी पुस्तकातले उत्तर द्यावे. सर्वांनी एकदम उठावे, एकदम गुडघे टेकावेत. मग रांगेने वेदीपाशी जाऊन प्रभुभोजन घ्यावे. सारे कसे शिस्तीत!

उपासना आटोपल्यावर एका वृद्ध गृहस्थांना मी भीतभीतच विचारले, "काका, दर रविवारी तीच वाक्ये म्हणून देव जवळ येतो का हो?"

ते रागावले नाहीत. म्हणाले, "माझा मुलगा गेला तेव्हा तोंडून शब्द फुटेना. मंडळी म्हणत होती तेच म्हणत राहिलो. त्या दिवसांत माझी श्रद्धा थकली होती. या लोकांच्या श्रद्धेने मला धरून ठेवले."

पुढच्या आठवड्यात दौंडच्या गाडीने केडगावला उतरलो. पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन येथेच. रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे झाला. तेथील भगिनींच्याच पंथाचे काम पुण्यात पंचहौदाला चाले. पण १९०७ साली लिहिलेल्या आत्मनिवेदनात बाई कबूल करतात, की बाप्तिस्म्याने आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, ख्रिस्त मात्र सुमारे आठ वर्षांनी भेटला. किती धीट कबुली ही! १९०५ साली येथल्या मुली एकदम मोठ्याने, रडत रडत प्रार्थना करू लागल्या, तेव्हाही कोणाच्या हाती पुस्तक नव्हते.

आवारात एक वयस्क बाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. "मावशी, प्रार्थनेची वेळ कोणती?" मी विचारले.

त्या हसल्या. "वेळ कसली? भाकऱ्या थापताना बोलते मी त्याच्याशी. कधी कधी भांडतेसुद्धा!"

परतीच्या गाडीत दोघांचे बोल मनात झुंजत होते. एकाला देव मंडळीत भेटतो, दुसरीला चुलीपाशी. खरे कोणाचे?

मग एक गोष्ट ध्यानात आली. पुस्तकापलीकडे जाऊन ज्यांना ख्रिस्त भेटला, त्या रमाबाईंनीच अखेरची वर्षे एका पुस्तकापायी झिजवली. साध्या बायाबापड्यांना कळावे म्हणून हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी बायबल मराठीत आणले. १९२२ साली देह ठेवीपर्यंत तेच काम. भेट ज्याची त्याची, पण भेटीचे शब्द कोणीतरी दुसऱ्याने हाती द्यावे लागतात, हे बाईंना उमगले असावे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी तरी काय केले? ख्रिस्ताला हाक मारली ती माउली म्हणून, आणि तीही आपल्या संतांच्या अभंगात!

घरी आलो तेव्हा दिवेलागण झाली होती. वात पेटवली आणि स्तोत्र म्हणू लागलो. मन भरून आले असे सांगितले तर ते खोटे होईल. पण ते शब्द आईचे होते, आणि तिच्या आईचेही. आज मी ते तिच्याबरोबर म्हणत होतो. संपल्यावर लगेच उठलो नाही. थोडा वेळ तसाच बसून राहिलो, आणि स्तोत्रात नसलेले एक वाक्य देवाशी बोललो.