हाड राखून काढलेला दात

पेठच्या बाजारपेठेत आमचे छोटेसे किराणा दुकान आहे. त्याच्या गल्ल्यात कागदाची एक पुडी बरीच वर्षे पडून होती. तिच्यात अब्बांचा वरचा, पुढचा दात होता आणि दाताच्या मुळाला एक पांढरी कपची चिकटलेली होती. लहानपणी आम्ही दोघी बहिणी ती पुडी हळूच उघडून बघायचो आणि पुन्हा मिटून ठेवायचो. ती कपची म्हणजे अब्बांच्या जबड्याचे हाड होते, हे आम्हाला गेल्या वर्षी कळले.

त्या काळी बाजारच्या दिवशी दात काढणारा एक माणूस यायचा. नाशिक पन्नास-पंचावन्न किलोमीटर, वाटेत सावळघाट आणि कोटंबीचा घाट. एका दातासाठी दुकान बंद ठेवून एवढ्या लांब कोण जाणार? त्या माणसाने पकड लावली, हिसका दिला आणि दात हातात आला. लोक म्हणाले, "काय हात आहे!" अब्बाही कौतुकाने तेच सांगायचे. पुढे आणखी तीन दात त्यांनी त्याच्याकडूनच काढून घेतले.

त्याची किंमत नंतर हळूहळू कळत गेली. फजरच्या नमाजनंतर अब्बा मोहल्ल्यातल्या मुलांना कायदा शिकवायचे. ज्यांनी कुराण शरीफ तजवीदने वाचले आहे त्यांना माहीत आहे की, से, जाल आणि जोय या अक्षरांसाठी जिभेचे टोक वरच्या पुढच्या दातांच्या कडेला लागावे लागते. फे म्हणताना खालचा ओठ त्याच दातांना टेकतो. अब्बांचे नेमके तेच दात गेले होते. कवळी करून घेतली, पण ती ठरत नव्हती. जिथे टेकायची तिथले हाडच बसले होते. कधी ती सबक देताना सुटायची आणि मुले हसायची. एके दिवशी अब्बांनी सांगितले, "आता मुलांना दुसऱ्या कोणाकडे पाठवा." कारण त्यांनी सांगितले नाही, आम्हीही विचारले नाही.

गेल्या पावसाळ्यात आमचा भाचा मोटारसायकलवरून नाशिकहून येताना सावळघाटात घसरला. वय एकोणीस, हिफ्जचे शेवटचे काही पारे उरलेले. हातपाय शाबूत राहिले, अल्लाहची मेहेरबानी. पण वरचा पुढचा दात हिरडीच्या आत, मुळापाशी मोडला. नाशिकच्या एका दंत महाविद्यालयात एक्स-रे काढला. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "हा दात वाचणार नाही, काढावाच लागेल."

अब्बा आमच्याबरोबर होते. ते एकदम उभे राहिले. "मॅडम, हिसका देऊन काढू नका." आणि त्यांनी खिशातून ती पुडी काढली. ती त्यांनी बरोबर आणली आहे, हे आम्हाला ठाऊकच नव्हते.

मॅडमनी दात हातात घेऊन नीट पाहिला. मग म्हणाल्या, "चाचा, हे तुमच्या दातापुढचे हाड आहे. पुढच्या दातांवर हाडाची भिंत फार पातळ असते, पुष्कळदा एक मिलिमीटरही नसते. पकडीने जोर लावला की ती दाताबरोबर निघून येते."

मग त्यांनी समजावून सांगितले. दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये केसाएवढी फट असते आणि तिच्यात बारीक तंतू असतात. दात त्या तंतूंनी धरलेला असतो. ते तंतू कापले की दात आपोआप सैल होतो, हाडाशी झुंजावे लागत नाही. त्यासाठी पेरिओटोम नावाचे अवजार असते. त्यांनी ते दाखवले. दांड्याला नखापेक्षा पातळ पाते. ते फटीत घालून मुळाच्या कडेकडेने हळूहळू खाली न्यायचे. पुढच्या पातळ भिंतीवर दाब द्यायचा नाही, बाजूने आणि टाळूकडून काम करायचे. त्यानंतर लक्सेटर, म्हणजे थोडे रुंद पात्याचे अवजार, मुळाला जागा करून देते. पकड लागते ती अगदी शेवटी. दाढेला दोन-तीन मुळे असली तर दाढ कापून एकेक मूळ वेगळे काढतात.

अब्बा म्हणाले, "म्हणजे भाताचे रोप काढतो तसे. चिखल सैल केला तर मुळासकट येते, ओढले तर तुटते." मॅडम हसल्या, "तसेच, चाचा."

भाच्याचा दात निघायला पाऊण तास लागला. अब्बा बाहेर बाकावर बसून तसबीह फिरवत होते. दात निघाला तेव्हा त्याच्या मुळावर हाडाची कपची नव्हती.

घरी आल्यावर भाच्याने मोबाईलवर शोधून अबुल कासिम अल-जहरावी यांच्याविषयी वाचून दाखवले. स्पेनमधल्या कुर्तुबाजवळचे हे शल्यवैद्य सुमारे हजार वर्षांपूर्वी होऊन गेले. त्यांच्या ‘अत-तसरीफ’ या तीस भागांच्या ग्रंथाचा शेवटचा भाग शस्त्रक्रियेचा आहे आणि त्यात अवजारांची चित्रे आहेत. दात काढण्याआधी त्याच्याभोवतीची हिरडी सगळीकडून सोडवावी, दात हळूहळू हलवून सैल करावा आणि मगच सरळ ओढावा, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. घाईने दात मोडणाऱ्या, मुळे आत ठेवणाऱ्या आणि जबड्याचे हाड तोडणाऱ्या अडाणी न्हाव्यांवर ते रागावले आहेत. अब्बा बराच वेळ गप्प होते. मग एवढेच म्हणाले, "हजार वर्षांपूर्वी लिहिलेले आपल्या बाजारापर्यंत पोचलेच नाही."

आणखी दोन गोष्टी आमच्या वाचक बहिणींना सांगायच्या आहेत. दात कितीही हळुवार काढला तरी हाड झिजतेच. पहिल्या वर्षात त्याची रुंदी निम्म्यापर्यंत कमी होऊ शकते आणि त्यातली बरीचशी झीज पहिल्या तीन महिन्यांतच होते. म्हणून पुढे स्क्रू बसवून दात लावायचा असेल, तर काही वेळा त्या खळगीत हाडाची भुकटी भरतात. ही भुकटी गाईच्या हाडाची असते, डुकराची असते, माणसाची असते, तशी कारखान्यात बनवलेली कृत्रिमही असते. आम्ही संकोचत विचारले. मॅडमना त्यात काही गैर वाटले नाही. त्यांनी डबीवरचे नाव वाचून दाखवले आणि कृत्रिम भुकटी वापरली. विचारले नसते तर मनात कायमची शंका राहिली असती.

दुसरी गोष्ट वुजूची. पहिले चोवीस तास जोरात चूळ भरायची नाही, कारण खळगीत जमलेली रक्ताची गाठ निघाली तर जखम उघडी पडते आणि फार दुखते. मशिदीतल्या मौलानांनी सांगितले की, वुजूत चूळ भरणे सुन्नत आहे, इजा होणार असेल तर सोडता येते. तंबाखू आणि मिश्री मात्र त्या दिवसांत अजिबात नको. खरे तर कधीच नको.

चार महिन्यांनी एक्स-रेमध्ये हाड भरलेले दिसले आणि स्क्रू बसला. कायमचा दात अजून बसायचा आहे. तोपर्यंत शेजारच्या दातांना चिकटवलेला तात्पुरता दात आहे. खर्च आम्हाला जड गेला, हप्त्याहप्त्याने फेडतो आहोत. प्रत्येकाला हे परवडेलच असे नाही. पण दात हळू काढून घेणे, हाड न मोडणे, एवढे तरी मागता येते. त्यासाठी दंत महाविद्यालयात फार पैसे लागत नाहीत, वेळ लागतो. दात काढण्याआधी डॉक्टरांना विचारा: हा दात वाचेल का? नसेल वाचणार, तर हाड राखून काढाल का? मधुमेह असेल किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर तेही आधीच सांगा.

अब्बांचे गेलेले हाड परत आले नाही. पण आता इशानंतर भाचा त्यांच्यासमोर बसून सबक ऐकवतो. जाल नीट आला नाही की अब्बा बोलत नाहीत, बोट वर करतात. भाचा थांबतो आणि ती आयत पुन्हा म्हणतो. अल्लाह त्याचा हिफ्ज पूर्ण करो, आमीन.