लाव रे तो पॉज!

खरं सांगा, ऑफिसातलं शेवटचं प्रेझेंटेशन तुम्हाला आठवतंय? स्लाइडवर बारा बुलेट पॉइंट्स, आणि साहेब आपल्याकडे पाठ करून तेच बारा वाचून दाखवतायत. आपण टेबलाखाली मोबाइल चाळतोय. आता एप्रिल 2019 आठवा. मागे भलामोठा स्क्रीन, समोर तुडुंब मैदान, आणि मधे एकटे राज ठाकरे. त्या लोकसभेला त्यांच्या पक्षाचा एकही उमेदवार उभा नव्हता. म्हणजे दुकानात विकायला माल नाही, तरी बाहेर ही गर्दी!

मी लोणावळ्याचा, नोकरी शिवाजीनगरला. जाऊन-येऊन तीनेक तास लोकलमध्ये जातात. त्या महिन्यातल्या त्यांच्या सभा मी कानात इयरफोन घालून लोकलमध्येच ऐकल्या. मळवली आलं की सुरू, खडकी आलं की बंद. मी त्यांचा मतदार नाही, कार्यकर्ता तर नाहीच नाही. पण बोलतो काय हा माणूस!

‘लाव रे तो व्हिडिओ’ तेव्हा पोराटोरांच्या तोंडी होतं. पण माझ्या मते गंमत व्हिडिओत नव्हतीच. ती होती वाक्य आणि व्हिडिओ यांच्या मधल्या तीन-चार सेकंदांत. स्क्रीन अजून रिकामा. आपण असतो तर ‘सॉरी हं, एक मिनिट, आत्ता चालत होतं’ असं काहीतरी बडबडलो असतो. हे नुसते उभे. गर्दीकडे बघतायत. तेवढ्यात गर्दी मनातल्या मनात पुढचं वाक्य स्वतःच तयार करते, आणि मग क्लिप येऊन तेच सिद्ध करते. निष्कर्ष आपणच काढला, असं प्रत्येकाला वाटतं. स्क्रीन त्यांचा नोकर. आपल्याकडे आपणच स्क्रीनचे नोकर असतो.

आणि डेमो? मेळघाटातलं हरिसाल ‘डिजिटल गाव’ झाल्याची सरकारी जाहिरात दाखवली आणि त्या जाहिरातीत झळकलेला तरुणच स्टेजवर आणून उभा केला. घ्या!

माणूस मूळचा व्यंगचित्रकार, हे विसरून चालत नाही. कुणाची नक्कल करताना ते अख्खा माणूस करत नाहीत. एक खांदा, एक हनुवटी, लांबवलेला एखादा शब्द, बस्स. दोन रेषांत चेहरा. सुरुवातीची हाक तर काकांकडूनच आलेली. बाळासाहेबांचे ‘तमाम हिंदू बांधवांनो, भगिनींनो आणि मातांनो’ पुतण्यानं 2006 मध्ये स्वतःचा पक्ष काढल्यावर ‘मराठी’ झाले. (आमचे आजोबा मात्र अत्र्यांच्या पलीकडे कुणाला वक्ता मानायला तयारच नसत. त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता.)

माझ्या टीममधला एक जण तळेगावला चढतो. मूळचा बिहारचा, मराठी छान कळतं. एक इयरफोन माझ्या कानात, एक त्याच्या. नकलांना तो माझ्यापेक्षा जास्त हसायचा. एकदा भाषण संपलं आणि यूट्यूबनं आपणहून पुढचं लावलं. ते 2008 चं होतं. दोन मिनिटं त्यानं ऐकलं. मग इयरफोन काढून माझ्या तळहातावर ठेवला. “ये वाला तू अकेले सुन.” चेहऱ्यावर राग वगैरे काही नाही. आकुर्डीपर्यंत तो खिडकीबाहेर बघत बसला.

मी ते भाषण पूर्ण ऐकलं. पॉज तोच होता. आवाज खाली आणून वर नेणं तेच, गर्दीला वाक्य पुरं करायला लावणंही तेच. त्या वर्षी फेब्रुवारीत उत्तर भारतीयांवर हल्ले झाले, पुण्या-नाशिकमधून कितीतरी कामगार गावाकडे निघून गेले. ऑक्टोबरमध्ये मुंबईत रेल्वेच्या परीक्षेला आलेल्या मुलांना मनसेच्या कार्यकर्त्यांनी मारलं, आणि 21 ऑक्टोबरला राज ठाकरेंना रत्नागिरीत अटक झाली. त्या तीन-चार सेकंदांत गर्दी कुठलं वाक्य पुरं करते, ते मैदानात नुसतं टाळ्यांसारखं ऐकू येतं. त्याचं पुढे काय होतं ते नंतर कळतं, आणि ते टाळ्या वाजवणाऱ्यांच्या वाट्याला येत नाही.

दुसऱ्या दिवशी तळेगावला तो चढला, नेहमीसारखा शेजारी बसला. आम्ही गाणी ऐकली. त्याच आठवड्यात क्लायंटसमोर डेमो देताना पट्ठ्या मुख्य आकड्याआधी थांबला. चक्क तीन सेकंद! कुठून शिकलास, विचारलं, तर म्हणाला, “तेरे साहब से.”

आता हिशेब मतांचा. आमचा मावळ मतदारसंघ म्हणजे घाटावर मावळ, पिंपरी, चिंचवड आणि घाटाखाली कर्जत, पनवेल, उरण. 2019 ला राज ठाकरेंचा सगळा मारा मोदी-शहांवर आणि अर्थात युतीवर होता. इथे युतीचे श्रीरंग बारणे 2 लाख 15 हजारांहून जास्त मतांनी निवडून आले. राज्यात युतीला 48 पैकी 41 जागा. मग 9 एप्रिल 2024, गुढीपाडवा, शिवाजी पार्क. त्याच आवाजात, तसंच थांबून, मोदींना बिनशर्त पाठिंबा! बारणे पुन्हा निवडून आले, 96 हजारांच्या फरकानं. म्हणजे भाषण विरोधात असताना मताधिक्य मोठं, बाजूनं असताना छोटं. यावरून काय काढायचं ते तुम्हीच काढा, मी आपला आकडे सांगितले.

गुढीपाडव्याची सभा मी अजूनही ऐकतो, लोकलमध्येच, दुसऱ्या दिवशी. फक्त ते थांबले की मीही मोबाइलवर पॉज दाबतो, आणि पुढचं वाक्य त्यांच्याआधी माझं माझं जुळवून बघतो. कधी जुळतं, कधी नाही. या भानगडीत भाषण खडकीपर्यंत संपत नाही. उरलेलं संध्याकाळी, परतीच्या लोकलमध्ये.